अक्काचा गुरुवारचा तास

सकाळचे टँकर लागले होते तेव्हा वैजूचा फोन आला. वैजू म्हणजे माझी बायको. ती एवढंच म्हणाली, "अक्का गेल्या. झोपेतच गेल्या. तुम्ही या." मी दूध संघाच्या शीतकरण केंद्रात दुधाची तपासणी बघतो, आणि त्या वेळी माझ्या हातात एक पट्टी होती. गाईला अँटिबायोटिक दिलेलं असलं की त्याचा अंश दुधात उतरतो. तो आहे की नाही हे ही पट्टी सांगते. दुधात बुडवल्यावर काही मिनिटं वाट पाहावी लागते. मी वाट पाहिली. प्रवरेकडून आलेलं धुकं टँकरच्या पोटावर थेंब होऊन उतरत होतं, कारखान्याच्या मळीचा वास येत होता, आणि मला वाटत होतं, पट्टीवर रेघ उमटेपर्यंत काहीच घडलेलं नाही... रेघ उमटली. दूध चांगलं होतं. मी तसं सांगितलं, हात धुतले, मोटारसायकल काढली आणि घरी आलो.

अक्का म्हणजे डॉ. सुलभा, माझी मोठी बहीण. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. संगमनेरात एका ट्रस्टच्या रुग्णालयात ती फिजिशियन होती. लग्न केलं नाही. का नाही, असं कुणी विचारलं तर "राहून गेलं" म्हणायची, जणू बाजारातून काहीतरी आणायचं राहून जावं तसं. राहायची आमच्याच घरी, वरच्या मजल्यावरच्या खोलीत, जेवायला खाली. तिच्या जाण्यानंतर भेटायला येणारे लोक मला विचारतात, डॉक्टरबाईंनी किती माणसं वाचवली असतील हो? तो आकडा माझ्याकडे नाही, म्हणून मी देत नाही. तिच्याकडेही नसावा. मी लिहितो आहे ते तिच्या शेवटच्या काही वर्षांबद्दल, एका कामाबद्दल, जे मी जवळून पाहिलं.

त्या कामाचं मूळ शोधायचं तर मला आमच्या गावच्या गोठ्यापर्यंत जावं लागतं. मी तेव्हा लहान, अक्का शाळेत. आमच्या एका गाईची कास सुजली. जनावरांचे डॉक्टर येऊन सुई देऊन गेले. आईनं नेहमीप्रमाणे दूध तापवून विरजण लावलं आणि सकाळी पाहते तर भांड्यात दूध तसंच, पातळ, थोडं आंबूस. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. आई म्हणाली, "सुईचं दूध हाय, लागायचं न्हाई," आणि तिनं ते पेरूच्या झाडाला घातलं. अक्का त्या झाडाशी उकिडवी बसून मातीत मुरणारं पांढरं पाणी बघत राहिली होती. मला ते चित्र असं दिसतं की जणू मी ते स्वप्नात पाहिलंय. कदाचित मी तिथं नसेनही, आईकडून ऐकलं असेल. पण अक्काचा प्रश्न मला नक्की आठवतो, कारण तो ती दिवसभर विचारत होती. औषध गाईच्या रोगाला मारायला दिलं, मग आपल्या विरजणाला का मारलं? आईनं सांगितलं, "त्याला काय ठाव, कोण आपलं न कोण परकं." पुढे वैद्यकीय शिक्षणात तिला याचं सविस्तर उत्तर मिळालंच, पण आईचं उत्तरही चूक नव्हतं असं ती म्हणायची.

काही वर्षांपूर्वीची एक संध्याकाळ. मी केंद्रातून आलो तर अक्का जिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बसलेली. चपला पायातच. घरात ती कधी चपला घालून येत नसे. वैजूनं पाण्याचा तांब्या शेजारी ठेवला होता, तो तसाच भरलेला. मी खालच्या पायरीवर बसलो. मग ती सांगायला लागली. कोपरगावकडची एक बाई, बाळंतपणानंतर जंतुसंसर्ग होऊन आलेली. रक्त तपासायला पाठवलं. कोणता जंतू आहे आणि कोणत्या औषधाला तो दबतो, हे त्या तपासणीत कळतं. या बाईच्या जंतूवर त्यांच्याकडचं एकही औषध चालत नव्हतं. एकही नाही. "आम्हीच शिकवलं त्याला, दत्ता," ती म्हणाली. "सर्दीला दिलं, खोकल्याला दिलं, जखम नीट असली तरी असू दे म्हणून दिलं. सगळ्यांनी. मीपण." बाई त्या दुपारी गेली होती. बाळ आजीपाशी होतं. अक्कानं मला तिचं नाव सांगितलं नाही, मी विचारलं नाही... जिन्याच्या जाळीतून येणारा उजेड हळूहळू तिच्या पायांवरून भिंतीवर चढत गेला आणि मग दिसेनासा झाला.

त्यानंतर काही दिवसांनी तिच्या खोलीतून एक आवाज यायला लागला. डॉक्टर, नर्स, औषध देणारे, अशा सगळ्यांनी अँटिबायोटिक कसं जपून वापरावं, हे शिकवणारा एक अभ्यासक्रम तिला इंटरनेटवर सापडला होता. फुकट होता, इंग्रजीतून होता, आणि शिकवणारी बाई कुठल्या तरी लांबच्या देशातली होती. रविवारी दुपारी मी खाली आडवा होई तेव्हा वरून त्या बाईचा आवाज झिरपत येई. शब्द कळायचे नाहीत, चाल कळायची. मध्येच नेट अडायचं आणि त्या बाईचा आवाज एका अक्षरावर लांबत जायचा, विहिरीत कुणी हाक मारावी तसा. मग अक्का मागे जाऊन पुन्हा लावायची. अर्धवट झोपेत मला वाटायचं, वर दोन बहिणी बोलत बसल्या आहेत, एक बोलते आणि दुसरी तिला म्हणते, थांब, परत सांग... संध्याकाळी चहाला ती खाली आली की चेहरा परीक्षेहून आलेल्या मुलीसारखा असायचा. मी विचारायचो, "काय शिकलीस आज?" ती सांगायची. मुळात हा संसर्ग आहे का ते आधी ठरव. पहिला डोस देण्याआधी तपासणीला नमुना पाठव. औषध का देतोस ते केसपेपरवर लिही, कधी थांबवणार तेही लिही. आणि दोन दिवसांनी परत ये आणि नव्यानं बघ, लागतंय का अजून. "एवढंच?" मी म्हणालो. "एवढंच," ती म्हणाली. "आमच्याकडे यातलं काय होतं सांगू? डोस देतो. तेवढं मात्र वेळेवर."

अभ्यासक्रम पुरा झाल्यावर तिनं तो सगळ्या रुग्णालयाला करायला लावला. प्रत्येकानं आपापल्या मोबाईलवर पाठ बघायचे, शेवटी वीस प्रश्नांची चाचणी द्यायची. महिन्याभरात सगळे उत्तीर्ण. त्या दिवशी ती जेवायला बसली ती हसतच. म्हणाली, "वैजू, आज गोड काही असेल तर वाढ. आमचं सगळं रुग्णालय पास झालं. वीसपैकी एकोणीस."

मी म्हणालो, "कुणाला एकोणीस?"

"सगळ्यांना."

माझा हात ताटात थांबला. "सगळ्यांना एकोणीस?"

"अरे, हो. सर्जन, मथुरा सिस्टर, औषधं देणारा, सगळे."

मी तिला आमच्या कामातली एक साधी गोष्ट सांगितली. एका गावातून आलेल्या सगळ्या कॅनना सारखंच फॅट लागलं, तर आम्हाला आनंद होत नाही. आम्ही त्या गावाला माणूस पाठवतो. कारण गाई वेगळ्या, चारा वेगळा, तर फॅट सारखं यायचं कारण एकच, कुणीतरी एकच कॅन मोजलाय आणि बाकीच्यांना तोच आकडा लिहिलाय. अक्का माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं भाकरी खाली ठेवली. मला वाटलं, चिडली. तर ती हसायला लागली. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वैजू गुळाचा खडा घेऊन उभी होती, तिला कळेना हा वाढायचा की नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं शोध लावला. रुग्णालयात संगणकावर काम करणारा संतोष नावाचा माणूस आहे. रुग्णाला घरी सोडताना देतात ते कार्ड तोच टाईप करतो. सगळ्यांनी आपापले मोबाईल त्याच्याकडे दिले होते. यात कुणाला काही गैर वाटलं नव्हतं. वीजबिल, शाळेचे अर्ज, सगळं तोच भरून देतो. पुढच्या रविवारी अक्कानं त्याला घरी चहाला बोलावलं. मी होतो तिथं. बिचारा खुर्चीच्या कडेवर बसलेला.

"मॅडम, मी सगळ्यांना म्हणलं, पाठ तरी बघा. सगळे म्हणले, तूच बघ आणि काय ते टाकून दे."

"मग बघितलेस का?"

"पहिल्यांदा बघितले. मग उत्तरं पाठच झाली."

"आणि तो एक प्रश्न चुकला तो?"

संतोष जरा सावरून बसला. "तो चुकलाच कसा हेच मला समजेना. ऑपरेशन साधं असलं, जखम स्वच्छ असली, तर नंतर अँटिबायोटिक किती दिवस, असं होतं. मी पाच दिवस टाकलं. ते म्हणतात, गरज नाही. पण मॅडम, आपल्याकडे पाचच दिवस देतात की. मी रोज टाईप करतो."

वैजू स्वयंपाकघरात हसली ते बाहेर ऐकू आलं. अक्का हसली नाही. ती उठून खिडकीशी गेली आणि तिथून म्हणाली, "संतोष, तुझं उत्तर आमच्या रुग्णालयाचं खरं उत्तर आहे. बाकीची एकोणीस त्या शिकवणाऱ्या बाईची आहेत." मग त्याला दुसरा कप चहा दिला.

ती रागावली असती, नोटीस काढली असती, तर ते काम तिथंच संपलं असतं असं मला वाटतं. तिनं फक्त पद्धत बदलली. दर गुरुवारी दुपारी, ओपीडी संपल्यावर, रुग्णालयाच्या मीटिंगच्या खोलीत सगळ्यांनी एकत्र बसायचं. भिंतीवरच्या मोठ्या टीव्हीवर त्या बाईचा एक पाठ लावायचा. मध्येच थांबवायचा आणि आपल्याच वॉर्डातल्या एका रुग्णाची गोष्ट घ्यायची, नाव न घेता. वय काय, आलं तेव्हा काय होतं, काय दिलं, का दिलं. कुणीही कुणालाही विचारायचं. नर्सनं सर्जनला विचारायचं, हेही चालेल. हे शेवटचं पचायला बरेच महिने लागले. सर्जनसाहेब पहिल्या गुरुवारी हात बांधून बसले होते. ते अक्काला "बाई" म्हणत. म्हणाले, "बाई, माझ्या जखमा पिकत नाहीत, त्या पाच दिवसांमुळेच पिकत नाहीत." अक्का म्हणाली, "तुमच्या जखमा पिकत नाहीत, कारण तुमचा हात चांगला आहे. त्याचं श्रेय गोळीला कशाला देता?" हे मथुरा सिस्टरनी मला नंतर सांगितलं. कुणीतरी आपली स्तुती केली आणि औषधही काढून घेतलं, अशी त्यांची अवस्था. त्यांनी पुढच्या काही रुग्णांना ते पाच दिवस दिले नाहीत आणि रोज सकाळी स्वतः जखमा उघडून बघत बसले. जखमा भरल्या. मग ते गुरुवारी पुढच्या खुर्चीवर बसायला लागले.

विरजणाची गोष्टही तिनं तिथं सांगितली. पोटातले चांगले जंतू, जुलाब का लागतात, हे सगळं त्या परदेशी बाईनं चित्रांनी समजावलं होतं, पण अक्का म्हणाली, "तुमच्या घरी कधी सुईचं दूध विरजलंय का कुणी?" आणि अर्ध्या खोलीनं हात वर केला. आमच्या भागात गोठा नाही असं घर कमीच.

मी एकदा तिचा डबा द्यायला गेलो होतो. ओपीडीत अकोले तालुक्याच्या वरच्या अंगाच्या एका गावातून आलेला माणूस पोराला मांडीवर घेऊन बसलेला. पोराला सर्दी, थोडा ताप, पण डोळे टवटवीत, बापाच्या खिशातलं पेन काढण्यात गुंतलेलं. तपासणारी डॉ. मनीषा, अक्काच्या हाताखालची. तीही अकोले तालुक्यातलीच. अक्का बाजूच्या टेबलावर.

"डागदरबाई, पाटंची जीप धरून आलोय. एक बी सुई न्हाई?"

मनीषा म्हणाली, "सुई दिली तर रडंल. बरं त्याचं तेच व्हणार हाय."

"मंग आमी आलो कशाला?"

"दाखवायला. दम लागला, दूध प्यायचं बंद केलं, अंग तापलंच राहिलं, तर परत या. तवा मी सुई देईन, तुमी नको म्हणले तरी देईन."

तो माणूस अक्काकडे वळला. "मोठ्या बाई, तुमी तरी सांगा हिला." अक्कानं मान वरही केली नाही. "मी न्हाई सांगायची. तिचा पेशंट हाय." माणूस कुरकुरत गेला. मनीषाचे कान लाल झाले होते. अक्का डब्याचं झाकण उघडत म्हणाली, "परत येण्याच्या खुणा नीट सांगितल्यास. ते महत्त्वाचं." एवढंच.

त्याच्या पुढच्या वर्षी अक्काला मूत्रपिंडाचा कॅन्सर निघाला आणि निघाला तेव्हाच तो यकृतात पोचला होता. जे उपचार करण्यासारखे होते ते झाले. ती डॉक्टर होती, तिला काही वेगळं समजावून सांगावं लागलं नाही. तिनं ओपीडी सोडली, गुरुवार सोडला नाही. मी तिला मोटारीनं नेऊन सोडायचो आणि बाहेर कडुलिंबाखाली थांबायचो. परतताना ती डोळे मिटून बसायची. नाशिक-पुणे रस्त्यावरचे ट्रक, उसाच्या बैलगाड्या, दुकानांच्या पाट्या, सगळं तिच्या चेहऱ्यावरून सावल्यांसारखं सरकत जायचं. अशाच एका परतीत ती म्हणाली, "दत्ता, एक गोष्ट मला कळत नाही. ते विचार करायला शिकलेत, की मी समोर बसलेली असते म्हणून करतात?" मी म्हणालो, "शिकलेत की." ती म्हणाली, "तू कुठे मोजलंस?" आणि मग, "मी गेल्यावर जर परत सगळं होतं तसं झालं, तर मी एवढंच केलं म्हणायचं, की काही वर्षं लोकांना संकोच वाटेल अशी वागले." असं काही मोजण्याची पट्टी माझ्याकडे नव्हती.

मग तो ताप आला. एका दुपारी तिचं अंग तापलं, थंडी वाजली, आम्ही तिला तिच्याच रुग्णालयात नेलं. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मथुरा सिस्टर, सर्जनसाहेब, औषधं देणारा, दारात संतोष. सगळे एकमेकांशी हळू आवाजात बोलत होते, आणि सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, थांबू नका, सगळ्यात भारी असेल ते लावा. माझंही तेच होतं. आपल्याकडे माणूस जवळचा असला की त्याच्या ताटात दोन घास जास्त पडतात. त्याच हातानं आम्ही सगळे औषध मागत होतो. मनीषानं रक्त, लघवी तपासणीला पाठवली आणि इंजेक्शन सुरू केलं. बाटलीतून ते थेंब उतरायला लागले तेव्हा खोलीतला प्रत्येक माणूस सैल झाला, हे मी पाहिलं. अक्का मात्र डोळे मिटून होती.

दोन दिवसांनी सकाळी मनीषा आली. तिनं अक्काला नव्यानं तपासलं, अगदी पहिल्यांदा बघत असल्यासारखं, पाठ, पोट, सुई लावलेली जागा. मग मला म्हणाली, "काका, आपण इंजेक्शन बंद करतोय."

मी म्हणालो, "अंगात ताप आहे अजून. आणि तुम्ही औषध काढताय?"

"रक्तात कुठलाही जंतू वाढलेला नाही. लघवी स्वच्छ आहे. छाती स्वच्छ आहे. हा ताप मॅडमच्या आजाराचाच आहे. संध्याकाळी येईल, घाम येऊन जाईल. त्याला हे औषध काही करणार नाही. दुसरा त्रास मात्र देईल."

"आणि तुमचं चुकलं तर?"

"मी इथंच आहे. काही बदललं तर परत सुरू करीन."

मी अक्काकडे वळलो. "अक्का, तू सांग काहीतरी."

अक्कानं डोळे उघडले नाहीत. "मला काय विचारतोस? मी पेशंट आहे."

मनीषानं केसपेपरवर लिहिलं, बराच वेळ लिहिलं, आणि गेली. सिस्टरनी बाटली काढून नेली. नुसता लोखंडी स्टँड राहिला, खिडकीतल्या उजेडात त्याची सावली पलंगावर पडलेली. मी चिडून बसलो होतो. अक्का म्हणाली, "कारण लिहिलं का तिनं?" मी म्हणालो, "पानभर." मग ती इतकी गाढ झोपली, की मी तिच्या नाकाशी हात धरून पाहिला.

ताप मनीषा म्हणाली तसाच राहिला. संध्याकाळी यायचा, घाम येऊन जायचा. आम्ही अक्काला घरी आणलं. त्यानंतर ती दोन महिन्यांहून थोडी जास्त जगली, आणि गेली ती तिच्या मूळ आजारानंच. मी हे मनीषाला दोनदा विचारून खात्री करून घेतलं आहे. ते शेवटचे दिवस माझ्या आठवणीत एकमेकांत मिसळले आहेत. वरच्या खोलीत दुपारचा पडदा हलतोय, वैजू तिचे केस विंचरतेय, अक्का मध्येच म्हणते, "पेरूला फळ आलंय का गं?" आणि वैजू, जिनं ते झाड कधी पाहिलं नाही, म्हणते, "आलंय, अक्का. पुष्कळ आलंय..." पण त्यातही तिचा तो मोटारीतला प्रश्न मधून मधून वर यायचा. एकदा म्हणाली, "मनीषानं बंद केलं ते बरोबर. पण मी समोर पडलेली होते ना रे." म्हणजे उत्तर अजून मिळालेलं नव्हतं. आणि ते न मिळताच ती गेली.

तिला जाऊन काही आठवडे झाल्यावर मनीषाचा फोन आला. "काका, या गुरुवारी येता का? मॅडमची केस घेतोय. तुमची हरकत असेल तर नाही घेणार." मी म्हणालो, घ्या. आणि गेलो. त्या खोलीत मी आधी कधीच आत बसलो नव्हतो. साधी खोली. प्लास्टिकच्या खुर्च्या, पडदे ओढलेले, पंखा संथ फिरतोय, टीव्हीवर ती परदेशी बाई बोलतेय. मी तिला पहिल्यांदाच पाहत होतो. माझ्या झोपेतल्या बाईपेक्षा ती वयानं बरीच लहान निघाली. मनीषानं तिला मध्येच थांबवलं. ती तोंड अर्धवट उघडं ठेवून आमच्याकडे बघत राहिली. मनीषा म्हणाली, "रुग्ण स्त्री, वय एकसष्ट. मूत्रपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. ताप आणि थंडी वाजून दाखल." खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, पण कुणी नाव घेतलं नाही.

दोन दिवसांनी औषध बंद केलं ते बरोबर का, असं तिनं विचारलं. सगळे म्हणाले, बरोबर. कारणंही एकेकानं सांगितली. मला बरं वाटलं. मी मनाशी म्हणालो, झालं, अक्काचं काम टिकलं, आता उठावं. तेवढ्यात मागून मथुरा सिस्टर म्हणाल्या, "मला एक विचारायचंय. सुरू का केलं होतं?"

पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला.

"बीपी चांगलं होतं," सिस्टर म्हणाल्या. "नाडी ठीक होती. बोलत होत्या. संसर्ग कुठे आहे असं काहीच दिसत नव्हतं. नमुने पाठवून आपण लक्ष ठेवू शकलो असतो. दुसरा कुणी असता तर ठेवलं असतं. गेल्याच महिन्यात त्या पठारावरच्या म्हातारबाबाला आपण थांबून बघितलं."

संतोष खाली बघत होता. सर्जनसाहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "सुरू केलं, कारण बाई होत्या म्हणून. आम्ही सगळ्यांनी मनीषाला घेरलं होतं."

"घेरलं होतं, पण लिहिलं मी," मनीषा म्हणाली. "कारणाच्या जागी मी 'ताप' असं लिहिलंय. खरं कारण ते नव्हतं. आपल्याला काहीतरी केल्यासारखं वाटायला हवं होतं. ते औषध आपण मॅडमना दिलंच नाही, स्वतःला दिलं."

कुणी डोळे पुसले नाहीत. कोपऱ्यात बसलेल्या एका नव्या डॉक्टरनं हात वर केला आणि विचारलं, कॅन्सरच्या रुग्णात थांबण्याची जोखीम जास्त नसते का? सिस्टर म्हणाल्या, असते, म्हणून तर लक्ष ठेवायचं. सर्जनसाहेब म्हणाले, तेवढं सोपं नाही ते. नवा डॉक्टर म्हणाला, मग रेघ कुठे ओढायची? आणि तिघं एकदम बोलायला लागले. मनीषा मध्येच म्हणाली, "एकेक जण, एकेक जण." कुणीतरी पडदा थोडा सारला, उन्हाची एक पट्टी टेबलावर आली. टीव्हीवरची बाई तशीच थांबलेली होती, तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. समोर कोण बसलंय, कोण नाही, याकडेही नव्हतं.

मी उठलो. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला, पण कुणी वळून पाहिलं नाही. दार ओढून घेतलं तरी आतला वाद बाहेर ऐकू येत होता. मी कडुलिंबाखाली जाऊन मोटारीत बसलो आणि बराच वेळ चावी फिरवली नाही.